शुक्रवारी येऊ नकोस

ऑर्हूस, सोमवार, २८ जानेवारी १९६३

प्रिय टोवे,

तुझा आंकेर जिवंत आहे. हे सगळ्यात आधी लिहिते. पत्र उघडलं की तू शेवटची ओळ आधी वाचतेस आणि मग उगाच रडत बसतेस, आज तसं करू नकोस.

स्वेनिंगचं विमान शनिवारी तीनला उतरलं आणि पाचला आंकेर ऑपरेशनच्या टेबलावर होता. आंत्रपुच्छ तीन दिवसांपूर्वीच फुटलं होतं. पोटात नुसता पू. डॉक्टर ब्रॉगोर यांनी दोन तास धुवून काढलं. काल सकाळी त्याला श्वास पुरेना, म्हणून गळ्याला भोक पाडून नळी घातली आणि यंत्राला जोडलं. त्याला बोलता येत नाही.

मी इथे काय काम करते हे तू चौदा वर्षांत कधी विचारलं नाहीस. आता ऐक. दिवसातून चार वेळा सिस्टर वालबोर्ग त्याच्या मनगटाच्या धमनीतून रक्त काढते आणि बर्फात ठेवून माझ्याकडे खाली पाठवते. माझं यंत्र त्या रक्तातलं आम्ल मोजतं. तुझ्यामाझ्या रक्ताचा आकडा ७.४० असतो. आम्ल वाढलं की आकडा खाली येतो. ७.१० झाला तर आम्ल दुप्पट झालं म्हणून समज. पुवाचं विष अंगात भिनलं की शरीराला रक्त पुरत नाही आणि सगळीकडे आम्ल साचतं. त्या आम्लात हृदयाचा स्नायू ढिला पडतो. ठोके पडत राहतात, पण त्यांत जोर नसतो. जोर नाही म्हणून रक्त आणखी कमी पोचतं, म्हणून आम्ल आणखी वाढतं.

आंकेरचा आज दुपारचा आकडा ७.२१ आहे. वाईट आहे, पण यातून माणसं उठलेली मी पाहिली आहेत.

बेटाची फोनची तार बर्फाने तुटली आहे म्हणे, आणि समुद्र गोठल्याने बोटही बंद. तेव्हा मंगळवार-शुक्रवारचं विमानच आपल्याला. मी दर फेरीला लिहीन.

रिग्मोर


ल्यूंगो, मंगळवार, २९ जानेवारी

प्रिय रिग्मोर,

थ्यूगेच्या दुकानात काउंटरपाशी उभ्याने लिहितेय. स्वेनिंग कॉफी पितोय, दुसरा कप संपला की उठेल. मी थ्यूगेला खुणेने सांगितलंय, त्याला तिसरा ओत.

देवा, तू तिथे आहेस! मी सारखी तेच घोकतेय. शनिवारी त्याला विमानात आडवा घातला तेव्हा माझ्यासाठी इंचभर जागा उरली नव्हती. स्वेनिंग म्हणाला, "टोवे, तुला पंखावर बसवू का?" मी रागावले नाही, तो बिचारा घाबरला होता. मी बर्फात उभी राहून म्हटलं, जाऊ दे, तिकडे माझी बहीण आहे.

आम्लाचं मला अर्धंच कळलं. दूध नासतं तसं का? पण दूध नासलं की ओतून द्यावं लागतं, म्हणून ते मनात येऊ देत नाही.

आता खरं विचारायचं ते. आज विमानात मागची जागा रिकामी आहे. स्वेनिंग म्हणतो, "पोस्टाची पोती आणि मी, दोघंही चावत नाही." आईजवळ बसायला थ्यूगेची बायको तयार आहे. आईचं कमरेचं हाड अजून जुळलं नाही, कूस बदलायलाही दोघी लागतात. मी येऊ का? आज घाई होईल, पण शुक्रवारी नक्की येऊ शकते. तू एक शब्द लिही, मी निघते.

सोबत आंकेरसाठी बंद पाकीट आहे. तेवढं त्याला वाचून दाखव. तू वाचलंस तरी चालेल, त्यात लाजण्यासारखं फक्त शेवटी आहे.

तिसरा कप संपला.

तुझी टोवे


ऑर्हूस, गुरुवार, ३१ जानेवारी

प्रिय टोवे,

काल दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी आंकेरजवळ बराच वेळ बसले होते. त्यामुळे तुला आज जरा नीट सांगता येईल.

आजचा आकडा ७.२७. वर चढतोय. शिरेतून सोड्याचं पाणी देतात, तुझ्या केकात जातो तोच सोडा. तो आम्ल मारतो. दूध नासण्याशी याचा काही संबंध नाही. नासलेलं दूध परत गोड होत नाही, रक्त होतं.

येण्याचं म्हणशील तर, नको. आत कोणालाच सोडत नाहीत. तू मला काचेतून हात करशील आणि परत जाशील. त्याला झोपेचं औषध आहे, तू आलीस काय, न आलीस काय, त्याला कळणार नाही. तिकडे आईचे हाल होतील. तुझं पत्र मी त्याच्या कानाशी वाचलं. तो हलला नाही.

एक विचारायचं राहिलं. त्याच्या पोटात दुखत होतं ते तीन दिवस तू त्याला काय दिलंस? डॉक्टर ब्रॉगोर विचारत होते, घरी कोणी एरंडेल पाजलं का. आंत्रपुच्छ सुजलेलं असताना एरंडेल दिलं तर ते फुटतं, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, माझी बहीण असं काही करणार नाही.

रिग्मोर


ल्यूंगो, शुक्रवार, १ फेब्रुवारी

रिग्मोर,

मी दिलं. दोन चमचे, मंगळवारी आणि बुधवारी. मला वाटलं खारवलेली मासळी बाधली, रविवारी त्याने एकट्याने सहा खाल्ली होती. त्याला एरंडेलाची शिसारी आहे, म्हणून मी त्याचं नाक दाबून धरलं. तो म्हणाला, "बाई, मारतेस की काय?" आणि आम्ही दोघं हसलो. रिग्मोर, आम्ही हसत होतो.

तू डॉक्टरांपुढे माझी बाजू घेतलीस, हे तुझे उपकार. पण सांग आता. त्यांना माहीत असायला हवं.

मागची जागा पाद्र्याच्या बायकोला दिली, तिची दाढ सुजली आहे. ती विमानात चढताना मी बघत होते. तू म्हणतेस तर नाही येत. तू तिथली आहेस, तुला कळतं. पण काचेतून दिसला तरी मला चाललं असतं.

त्याला हे सांग. बंदराचा दिवा त्याच्याऐवजी थ्यूगे लावतो, रोज पाच मिनिटं उशिरा. मांजर त्याच्या उशीवर झोपतं आणि मला जवळ येऊ देत नाही. आई विचारते, "रिग्मोर आहे ना त्याच्यापाशी? मग काय." तिचा तुझ्यावर नेहमीच माझ्यापेक्षा जास्त विश्वास.

लोकरीचे मोजे पाठवतेय. आणि दुसरं पाकीट. ते वाचताना तुझा आवाज जरा माझ्यासारखा काढ, लहानपणी माझी नक्कल करायचीस तसा.

टोवे


ऑर्हूस, सोमवार, ४ फेब्रुवारी

प्रिय टोवे,

एरंडेलाचं डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी नुसती मान हलवली. तू मनाला लावून घेऊ नकोस. तुला माहीत नव्हतं. तुला पुष्कळ गोष्टी माहीत नसतात, तो तुझा दोष नाही.

आजचा आकडा ७.३१. आता हृदयाचं सांगते, तुझ्या समजुतीसाठी. रक्तदाब टिकावा म्हणून त्याला एक औषध थेंबाथेंबाने देतात. त्या औषधाने हृदयाला हाक मारायची आणि हृदयाने जोर करायचा. रक्तात आम्ल फार असलं की हृदय त्या हाकेला ओ देत नाही. औषध दुप्पट करा, चौपट करा, ते तसंच. आंकेरचं हृदय आता ओ देऊ लागलंय. औषध कमी करत आणलं आहे.

मोजे घातले. तुझ्यासारखा आवाज काढला. पलीकडच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला हसू आलं.

तू खरंच येऊ नकोस. कोंबडी कापताना तू चक्कर येऊन पडायचीस. इथे गळ्याला भोक आहे, पोटातून नळ्या आहेत. तुझ्यासाठी एक खाट जास्तीची घालावी लागेल.

रिग्मोर


ल्यूंगो, मंगळवार, ५ फेब्रुवारी

प्रिय, प्रिय रिग्मोर,

७.३१! मी थ्यूगेच्या दुकानात मोठ्याने वाचलं. थ्यूगे म्हणाला, "हा काय पावाचा भाव आहे का?" मी त्याला सगळं समजावलं, आम्ल, हृदय, हाक मारणं. तो म्हणाला, "माझी बायको हाक मारते तेव्हा मीही ओ देत नाही, माझंही रक्त तपासून घे." इतक्या दिवसांनी मी पोटभर हसले आणि मग लगेच दुकानाच्या मागे जाऊन रडले.

आता ऐक. तू नको म्हणशील, पण शुक्रवारी मी येतेच. स्वेनिंगला जागा सांगून ठेवली आहे. चक्कर आली तर पडेन, पडलेल्याला कोणी तरी उचलतंच. त्याचे डोळे उघडतील तेव्हा समोर मी असायला हवी. तू आहेस, माहीत आहे. पण तू माझी बहीण आहेस, मी त्याची बायको आहे.

तिसरं पाकीट सोबत आहे. हे वाचू नकोस. त्याच्या हातात ठेव, त्याला जाग आली की तो वाचेल.

तुझी टोवे


ऑर्हूस, गुरुवार, ७ फेब्रुवारी

टोवे,

शुक्रवारी येऊ नकोस. आकडा ७.३५ आहे, जवळजवळ तुझ्यामाझ्याइतका. सोमवारी त्याला साध्या वॉर्डात हलवतील. तिथे रोज दोन तास भेटता येतं, हात धरता येतो. मंगळवारी ये. चार दिवसांचा प्रश्न आहे. मंगळवारी त्याला झोपेचं औषध नसेल, तो तुला ओळखेल.

येताना त्याचा निळा सदरा आण, इस्त्री करून.

रिग्मोर


ऑर्हूस, सोमवार, ११ फेब्रुवारी

टोवे,

आंकेर शनिवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी गेला. हृदय थांबलं. अचानक झालं, कोणाला वाटलं नव्हतं. त्रास झाला नाही.

शवपेटी शुक्रवारच्या विमानाने येईल. मी सोबत येते.

रिग्मोर


ल्यूंगो, सोमवार, २२ एप्रिल

रिग्मोर,

तुला माहीत नाही ते आधी सांगते. बारा तारखेला मी स्वेनिंगची वाट बघत बर्फाच्या पट्टीवर उभी होते. हातात बॅग, बॅगेत निळा सदरा. स्वेनिंग उतरला आणि म्हणाला, "टोवे, तुझं पत्र आहे, बघ, आधी वाच, मग बस." मी शेवटची ओळ आधी वाचली. 'मी सोबत येते.' मला वाटलं, त्याला घेऊन येतेस. मी हसत विमानाच्या पायरीवर चढले. मग वरच्या ओळी वाचल्या.

मातीच्या दिवशी मी तुझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. सगळ्या बेटाने बघितलं. तू माझ्या पाठीवरून हात फिरवत होतीस.

मार्चमध्ये मी डॉक्टर ब्रॉगोर यांना पत्र टाकलं. एरंडेलाचं विचारायचं होतं, दुसरं काही नाही. त्यांनी सरळ उत्तर दिलं. "बाई, तेलाने फुटलं असेलही, नसेलही, मी शपथेवर सांगू शकणार नाही. पण आमच्या इथे कोणी हे विचारलं नव्हतं आणि आम्हाला कोणी सांगितलंही नव्हतं." सोबत त्यांनी आकड्यांच्या कागदाची नक्कल जोडली, मला समजून घ्यायचं आहे असं मी लिहिलं होतं म्हणून. तुझं अक्षर मी कुठेही ओळखीन. सातला मध्ये आडवी रेघ.

तुझी पत्रं मी शेजारी ठेवली. एकतीस जानेवारी. मला लिहिलंस ७.२७, कागदावर ७.१८. चार फेब्रुवारी. मला ७.३१, कागदावर ७.१२. सात फेब्रुवारी, गुरुवार. मला ७.३५, जवळजवळ तुझ्यामाझ्याइतका. कागदावर ७.०३.

मला वाटलं माझंच काही चुकतंय. मला आकडे कळत नाहीत, तूच म्हणायचीस. म्हणून मी सिस्टर वालबोर्गला लिहिलं. तिचं पार्सल शनिवारी आलं. त्यात त्याचं घड्याळ, लोकरीचे मोजे, अजून दोऱ्याने एकमेकांना शिवलेले, मी शिवले होते तसेच. आणि माझी तीन पाकिटं. तिन्हींचा डिंक मीच जिभेने ओला करून चिकटवला होता, तो तसाच होता.

ती लिहिते, "आम्ही खुर्ची ठेवली होती. नातेवाइकांना रोज अर्धा तास सोडतो. बहीणबाई म्हणाल्या की तुम्ही येणार नाही, आई आजारी आहे, आणि तुम्हाला असलं बघवत नाही. तुमचे यजमान गुरुवार संध्याकाळपर्यंत जागे होते. बोलता येत नव्हतं म्हणून पाटीवर लिहायचे. बहीणबाई रोज दुपारी बसायच्या, वाचायच्या, पुसायच्या."

जागा होता. तो जागा होता, रिग्मोर.

का? मी तुझं काय केलं?

टोवे


ऑर्हूस, गुरुवार, २ मे

टोवे,

शेवटच्या ओळीसाठी तुझं कौतुक वाटतं. तुला खरंच आठवत नाही, की लिहिताना वाटलं मला अजून कळलेलं नाही?

तर घे. पहिलं पत्र मी खरं लिहिलं. ७.२१ खरा होता. तेव्हा तू यावंस असंच मला वाटत होतं आणि शुक्रवारी ये असं लिहायचं मी मनात ठरवलंही होतं. तीस जानेवारीला, बुधवारी, जेवणाच्या सुट्टीत त्याच्याजवळ बसले. तो जागा होता, हातात पाटी. चौदा वर्षं मी त्याला एक प्रश्न विचारला नव्हता. लग्नात नाही, नाताळात नाही, तुमच्या टेबलावर बसून तुमची मासळी खाताना नाही. त्या दिवशी मला वाटलं, हा कदाचित मरेल. मी म्हटलं, "आंकेर, मी इथे शिकायला आले तेव्हा तुला एवढी पत्रं लिहिली. एकाचं तरी उत्तर द्यायचंस."

त्याने लिहिलं, 'कुठली पत्रं?'

मी म्हटलं, "अकरा पत्रं. अठ्ठेचाळीसच्या वसंतात."

त्याने पाटी पुसली. मग लिहिलं, 'मी दर टपालाला विचारायला जात होतो.' आणि खाली, जरा वेळाने, फक्त तुझं नाव. त्या वर्षी टपालाच्या खिडकीवर कोण बसत होतं, हे आम्हा दोघांनाही एकदमच आठवलं.

मी खाली गेले. माझ्या टेबलावर त्याचं दोनचं रक्त आलं होतं. नळी हातात घेतली. बर्फातली नळी, थंडगार. मोजलं, ७.१९. आणि तुझं पाकीट ड्रॉवरमध्ये टाकलं.

सात तारखेचं सांगते, तुला समजून घ्यायचं आहे ना. सकाळी डॉक्टर ब्रॉगोर स्वतः खाली आले. म्हणाले, "सोडा दिला की तासभर तुझा आकडा सुधारतो आणि हृदय तिथल्या तिथे. मी आकड्याला औषध देतोय, माणसाला नाही. स्नायू आवळतच नाही. रक्तदाबाचं औषध पाण्यासारखं ओततोय, काही लागू पडत नाही." मग दारात थांबले. "बायकोला बोलवा. उद्याच्या विमानाने. शनिवारच्या पुढची खात्री मी देत नाही."

मी म्हटलं, "हो, लगेच लिहिते."

आणि लिहिलं. तुझ्याकडे ते पत्र आहे.

तू आली असतीस तरी तो मेला असता. शेवटचा आकडा ६.९१ होता, त्यात कोणाचंच हृदय चालत नाही. मी त्याला मारलं असं मनात आणू नकोस, तेवढं सोपं मी तुला देणार नाही. आम्ल मी वाढवलं नाही, औषध मी अडवलं नाही, कागदावर एकही आकडा खोटा नाही. मी फक्त तुझं टपाल सांभाळलं.

आणि एक. बुधवारी त्याला सगळं कळलं, तरी दुसऱ्याच दिवशी त्याने पाटीवर लिहिलं, 'टोवे कधी येते?' तिसऱ्या दिवशी तेच. रोज तेच. तू काय केलंस हे कळूनही. मला वाटलं होतं, निदान एक दिवस तरी तो तुझ्यावर रागावेल.

रिग्मोर


ल्यूंगो, गुरुवार, ९ मे

रिग्मोर,

अकरा नव्हती. नऊ आली. दोन तू टाकलीच नसशील किंवा वाटेत गेली असतील.

पहिलं मी नुसतं वाफेवर उघडलं, तू माझ्याबद्दल काय लिहितेस ते बघायला. तू लिहिलं होतंस, 'टोवेकडे लक्ष ठेव, ती अजून पोर आहे.' मी एकवीस वर्षांची होते. पाकीट फाटलं, परत चिकटेना. फाटलेलं देऊ कसं, म्हणून राहिलं. दुसरं आलं ते देताना पहिल्याचं निघालं असतं, म्हणून तेही राहिलं. आंकेर खिडकीशी यायचा, टोपी काढायचा, "आहे काही?" मी म्हणायचे, "नाही." तो म्हणायचा, "बरं, मग तूच बोल दोन शब्द." मी बोलायचे. तिसऱ्या महिन्यात त्याने विचारणं सोडलं आणि तरी येत राहिला. पत्रं मी चुलीत घातली. असं झालं ते. यात मी स्वतःला कुठेही झाकलेलं नाही.

चौदा वर्षं तू दर नाताळाला दारात यायचीस आणि मी मनात म्हणायचे, आज ही बोलणार. मग वाटायला लागलं, तू विसरलीस.

मी तुझ्याकडे माफी मागत नाही, मी तुला माफ करत नाही. आकड्यांचं राहू दे, पाकिटांचं राहू दे, त्या बर्फाच्या पट्टीवरचंही राहू दे. मी कोणाला काही सांगणार नाही. आईला तर नाहीच. ती अजून म्हणते, नशीब रिग्मोर होती त्याच्यापाशी.

एकच मागते. सिस्टर वालबोर्गने पार्सलाच्या खाली आणखी चार ओळी लिहिल्या होत्या, त्या मी तुला कळवल्या नव्हत्या. ती म्हणते, गुरुवारी दुपारी, झापड येण्याआधी, त्याने पाटी मागून घेतली आणि पुष्कळ वेळ लिहीत बसला. मधे मधे थांबत होता. पूर्ण पाटी भरली. तिने विचारलं, "बायकोला का?" तर त्याने हो म्हणून मान हलवली. तू आलीस, वाचलंस, आणि पुसलंस.

काय लिहिलं होतं?

एवढं सांग. मग पुन्हा कधी लिहू नकोस. त्याने मला शिव्या दिल्या असतील तर शिव्या सांग. मला झेपेल. त्याच्या हातचं शेवटचं काही तरी माझ्याजवळ हवं, रिग्मोर. माझ्याकडे नुसता सदरा आहे, आणि तो मी धुऊन इस्त्री केलेला, त्याला त्याचा वासही नाही.

टोवे


ऑर्हूस, मंगळवार, १४ मे

टोवे,

हो, पाटी भरली होती. तुझ्यासाठीच होतं. मला शब्दन् शब्द पाठ आहे.

मी तुला सांगूही शकते. आत्ता, या कागदावर, चार ओळींत. तू विश्वास ठेवशील, कारण तुला ठेवायचा आहे. मग एखाद्या दिवशी भांडी घासताना तुझ्या मनात येईल, हिने ७.०३ चे ७.३५ केले होते. त्या दिवसापासून तुझ्याजवळ त्याचं काहीच राहणार नाही, नुसतं माझं राहील. त्यापेक्षा मी काहीच लिहीत नाही. यात तुझ्यावरची दया किती आणि माझी हौस किती, ते मी मोजलेलं नाही.

आईचं पत्र आलं, थ्यूगेच्या बायकोच्या हातचं. ती आता काठी घेऊन दारापर्यंत जाते म्हणे. तिला मला बघायचं आहे. जूनच्या पहिल्या बोटीने मी येते, पंधरा दिवस राहीन. वरची खोली झाडून ठेव.

धक्क्यावर तू घ्यायला ये. सगळं बेट तिथे असतं. मला मिठी मारायला विसरू नकोस.

रिग्मोर